सौ. रखड्यांच्या निऱ्या

मला माणसाचे हात काढता येत नाहीत. ऐंशीच्या दशकात ज्याने एका सायंदैनिकात रोज चार चौकटींची चित्रपट्टी काढली, त्याने हे असं पहिल्याच वाक्यात सांगून टाकणं बरं दिसत नाही. पण ज्यांनी 'रखडे कुटुंब' वाचलं आहे त्यांच्यापासून ते तसंही लपलेलं नव्हतं. श्रीयुत रखडे कायम हात पाठीमागे बांधून उभे असत. बसले, तर हात टेबलाखाली. चहा प्यायचा प्रसंग आलाच तर कप टेबलावर वाफा सोडत राही आणि रखडे त्याच्याकडे नुसते बघत. एकदा जुहूच्या चौपाटीवर एका वाचकाने मला गाठलं आणि सांगितलं, की रखड्यांच्या त्या उभं राहण्यात आपल्या सबंध मध्यमवर्गाची असहायता आहे. मी भेळ खात होतो. गंभीर चेहरा करून मान डोलावली.

दिवसा मी एका औषध कंपनीत खोक्यांवरची चित्रं काढायचो. तिथे हातांचा प्रश्न येत नसे. पोटदुखीच्या गोळ्यांवर पोट, डोकेदुखीच्या गोळ्यांवर डोकं, संपलं काम. चित्रपट्टीचं काम शनिवार-रविवारी घाटकोपरला, पंतनगरच्या आमच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावर चाले. पुढच्या आठवड्याच्या सगळ्या पट्ट्या एकदम करून सोमवारी द्यायच्या अशी पद्धत होती.

पट्टी कशी होते ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना ती आपोआप होते असं वाटतं. आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने कच्चं चित्र काढायचं. निळीच का, तर छपाईच्या कॅमेऱ्याला ती निळी रेघ दिसत नाही, त्यामुळे खोडत बसावं लागत नाही. मग त्यावर काळ्या शाईने पक्कं करायचं. जिथे हात बिघडला असेल तिथे पांढरा रंग लावायचा. पांढऱ्या रंगानेही भागलं नाही, तर त्या जागी बोलण्याचा फुगा आणायचा. वाचकाला वाटतं, फुगा पात्रांना बोलता यावं म्हणून असतो. तो मुळात चित्रकाराला लपवता यावं म्हणून असतो. माझ्या फुग्यांमागे किती हात, किती पाय आणि एकदा तर अख्खी सायकल दडलेली आहे.

त्या फुग्यांतलं अक्षर मात्र माझं नव्हतं. माझं अक्षर मला स्वतःला दुसऱ्या दिवशी लागत नाही. ते अक्षर माझ्या बायकोचं, शैलाचं. तिचे वडील मुलुंडच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. त्यांनी लेकीला लहानपणी मोजपट्टी आणि बोरू देऊन बसवलं होतं, त्यामुळे तिचं अक्षर असं यायचं की माझ्या चित्राला शेजारी उभं राहायला संकोच वाटावा. रविवारी दुपारी भांडी आवरली की ती हात पुसून टेबलाशी बसे आणि सगळ्या फुग्यांत बोलणी भरी. जाता जाता समासात निळ्या पेन्सिलीने मला निरोपही लिही. 'येताना रवा.' 'गॅस संपत आलाय.' कॅमेऱ्याला निळं दिसत नाही, पण आमच्या पुरवणीचं काम बघणारे टिपणीस यांना दिसे. सोमवारी पट्ट्या हातात घेतल्या की ते आधी समास वाचत आणि मग म्हणत, "काय रे, वहिनींनी रवा सांगितलाय. विसरू नकोस."

सासऱ्यांचं माझ्या चित्रांवर बारीक लक्ष असे. अक्षरशः बारीक, कारण ते भिंग घेऊन पट्टी वाचत. एकदा मुलुंडला जेवायला गेलो, तर त्यांनी अंक पुढे सरकवला.

"जावईबापू, या स्टुलाला तीनच पाय आहेत."

"चौथा फुग्यामागे आहे, बाबा."

"असेल. पण मग ते स्टूल ज्या कोनात उभं आहे, त्यावर बसणारा माणूस पडेल."

"पडू दे ना बाबा, विनोदीच आहे ते," शैला आतून म्हणाली. त्यांनी भिंग खिशात ठेवलं, पण पटलेलं नव्हतं.

तर असा मी, आणि मला वत्सला काढावी लागत होती. वत्सला म्हणजे सौ. रखडे. रखड्यांना पाच मिनिटं लागत. शर्ट, पँट, नाक, झालं. वत्सला नेसायची साडी. साडीला पदर, पदराला काठ, आणि समोर निऱ्या. निऱ्या एकसारख्या खाली आल्या पाहिजेत, पायाशी किंचित पसरल्या पाहिजेत, आणि बाई वळली की त्याही वळल्या पाहिजेत. माझ्या निऱ्या कधी पत्र्याच्या दिसत, कधी वत्सला पन्हळीत उभी आहे असं वाटे. एकेका वत्सलेला अर्धा अर्धा तास जाई आणि अशा चौकटी आठवड्यात किती!

एका गणपतीत कंपनीचं काम अंगावर आलं आणि मला युक्ती सुचली. मी वत्सलेला माहेरी पाठवली. एका पट्टीत रखडे दारात उभे (हात पाठीमागे), टॅक्सी वळणावरून निघून चाललेली, आणि 'लवकर ये हं!' बस. एकटा नवरा घरात म्हणजे विनोदाला काय तोटा? रखड्यांची भाजी करपली. रखड्यांचं दूध उतू गेलं. मोजे कुकरमध्ये सापडले. तासाभरात सगळा आठवडा तयार झाला आणि मी ताणून दिली. पुढच्या आठवड्यात ती यायची होती. पण अंगाला सवय लागली. दिवाळी रखड्यांनी एकट्याने केली. संक्रांत झाली, होळी झाली, वत्सला आपली माहेरीच.

पहिल्यांदा ओरड केली ती आमच्या शेजारच्या राणेमावशींनी. मालवणकडच्या, यजमान गिरणीत होते, आता लेकाकडे राहायच्या. रोज संध्याकाळी गॅलरीत पाटावर बसून, एकेक अक्षर लावत, मोठ्याने रखडे वाचायच्या. सगळा मजला त्यांच्याकडून ऐकायचा.

"काय रे बाबा, ह्या तुझ्या वत्सलाक झाला काय?" त्यांनी मला जिन्यात अडवलं.

"काही नाही मावशी, माहेरी गेलीय."

"ता माका म्हायत असा. पण गणपतीक गेलेली बाई शिमग्यापर्यंत माहेराक ऱ्हवता? घोवान टाकल्यान काय तिका?"

मी हसलो. मावशी हसल्या नाहीत.

शैलाने विचारलं ते त्याआधीच, एका रविवारी, बोरू शाईत बुडवता बुडवता. "अहो, या आठवड्यातही बाई नाही?"

"माहेरी आहे ना ती."

"का पण?"

खोटं बोलण्याइतकं मला सुचत नाही. "निऱ्यांना फार वेळ लागतो गं."

ती खो खो हसली. मलाही वाटलं, चला, विनोद पोचला. मग ती म्हणाली, "काढायला अर्धा तास लागतो म्हणून तुम्ही पळ काढलात. मी रोज सकाळी नेसते त्याचं काय?" आणि लिहायला लागली.

इथे एक छोटी गोष्ट मधेच सांगायला हवी. त्या सुमारास आमच्या भागात बायकांनी घरात गाऊन घालायला नुकती सुरुवात केली होती. स्टेशनबाहेर एक बाई गठ्ठा मांडून विकायची. शैलाने निळ्या फुलांचा एक आणला होता, आणि एकदाच घातला होता. मी म्हणालो होतो, "हे काय पोतं? घरात ठीक आहे, पण हे घालून गॅलरीत जाऊ नकोस, लोक काय म्हणतील." घरात कामं करणाऱ्या बाईला वाळत टाकायला, दूध घ्यायला, कचरा द्यायला शंभरदा गॅलरीतच जावं लागतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिने घडी घालून तो ट्रंकेत ठेवला. निऱ्यांना कंटाळलेला माणूस घरात बायकोने निऱ्याच घालाव्यात म्हणून अडून बसला होता, आणि त्यात काही विनोदी आहे हे त्या विनोदी चित्रकाराला दिसलं नव्हतं.

आणि मग मी तो विनोद केला. मित्राने विचारायचं, 'वहिनी कधी येणार?' आणि रखड्यांनी म्हणायचं, 'घाई कसली? ती नसली की घर कसं घर वाटतं!' मला तो झकास वाटला होता. शैलाने तो चौथ्या चौकटीत लिहिला. इतकं रेखीव अक्षर तिने त्याआधी काढलं नसेल. समासात निरोप नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मुलुंडला गेली. मावसबहिणीचं केळवण होतं, दोन दिवसांनी येते म्हणाली.

दोन दिवसांनी ती आली नाही. आठवड्यानेही आली नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात फोन होता, तिथून मी सासऱ्यांच्या शेजाऱ्यांकडे लावला. ती फोनवर आली. अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "राहते आहे थोडी. घर घर वाटतंय ना?" वाणी साखर तोलत होता, पण त्याने तराजू तसाच धरून ठेवला होता.

जिन्यात मावशी होत्याच. "शैला दिसणा नाय ती?"

"माहेरी गेलीय."

मावशींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही पण?" एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी त्यांनी पट्टी मोठ्याने वाचली नाही.

त्या आठवड्यात फुग्यांतलं मीच लिहिलं. सोमवारी टिपणिसांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "अरे, हे मराठीच आहे ना?" मग समास पाहिला. तो कोरा होता. त्यांनी चष्मा काढला.

"वहिनी कुठेयत?"

"मुलुंडला."

"आणि ती वत्सला? अरे यार, तिच्यामुळे माझ्या डोक्याला ताप झालाय. रोज कुणीतरी विचारतं, बाई मेली का. संपादकसाहेब पण वैतागलेत. हे बघ, पुढच्या सोमवारी बाई परत आली पाहिजे. नाहीतर तुझ्या जागी शब्दकोडं जाईल. कोड्यातली अक्षरं तरी लोकांना लागतील."

मी घरी आलो आणि वत्सलेला परत आणायला बसलो, तर वत्सला येईना. इतक्या महिन्यांत हात तिला विसरला होता. ज्यांनी एकच पात्र रोज काढलं आहे त्यांनाच हे कळेल. चेहरा डोक्यात नसतो, मनगटात असतो, आणि वापरला नाही की जातो. एक वत्सला जाड झाली, एक तिची सासू शोभेल अशी दिसली. एक बरी वाटली म्हणून मावशींना दाखवली.

"ही खंयची?" मावशी म्हणाल्या. "ही वत्सला न्हय. ही रेशनिंगवरची बाई."

जुने अंक काढून बघून बघून काढलं, तरी जमेना. मग टेबलाशी बसल्या बसल्या मान वर केली आणि कारण समोर दिसलं, म्हणजे दिसलं नाही. मी वत्सला नेहमी ओट्याशी उभ्या असलेल्या शैलाकडे बघत काढायचो. ती पाठमोरी, अंबाडा किंचित सैल, कमरेला पदर खोचलेला, एका पायावर भार. वर्षानुवर्षं तेच चाललं होतं आणि मला वाटत होतं वत्सला माझ्या डोक्यातून येते. ओटा रिकामा होता, स्वच्छ होता. मला फार एकटं वाटलं. पट्टी गेली असती तर मी खोकी काढून जगलो असतो. ही आली नाही तर काय, याचा विचार करायला लागलो आणि पुढे करवेना.

रविवारी कोरे कागद, निळी पेन्सिल, शाईची दौत आणि बोरू पिशवीत घालून मी मुलुंडची बस धरली. दार सासऱ्यांनी उघडलं. पिशवीतली दौत बघून म्हणाले, "भांडायला आलात की काम करायला?"

"काढायला आलोय, बाबा."

"मग मोजपट्टी माझी घ्या. तुमच्या चौकटी तिरक्या येतात."

शैला ओट्याशी पडवळ चिरत होती. अंगात तो निळ्या फुलांचा गाऊन. तिने मागे वळून पाहिलं, पडवळ चिरणं चालूच होतं. मी तसाच जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि पेन्सिल काढली. अंबाडा आला, मान आली, खांदे आले, एका पायावरचा भार आला. वत्सला आली! आणि खाली आलो, तर निऱ्या नव्हत्याच. दोन सरळ रेघा, खाली घेर, फुलं. मिनिटभराचं काम. गेले इतके महिने ज्यांच्यापासून मी पळत होतो, त्यांच्यावरचा उपाय माझ्याच घरात ट्रंकेत घडी घालून पडला होता.

शैला हात पुसत आली आणि बघत उभी राहिली. "हे पोतं ना?"

"हो."

"हे घालून गॅलरीत जाईल का ती?"

"जाईल," मी म्हणालो. "तू पण जा. माझं चुकलं."

"मग तिसऱ्या चौकटीत तिला गॅलरीतच काढा. आत नको."

मी गॅलरी काढली, गॅलरीत गाऊनमधली वत्सला, आणि शेजारी तोंड वासलेले रखडे. चौथ्या चौकटीत रखडे विचारतात, 'अगं, साडी कुठेय तुझी?' पुढचं तिचं उत्तर मी घरूनच ठरवून आणलं होतं. काय ते आता आठवत नाही, म्हणजे काही खास नसणार. मी सांगायला तोंड उघडलं, तर शैलाने बोरू माझ्या हातातून घेतला. आजवर तिने मी सांगेन तेच लिहिलं होतं. 'अहो, ऐकलंत का?', 'जेवायला चला', 'इश्श!' एवढ्या वर्षांत वत्सला याच्यापलीकडे बोललीच नव्हती. शैलाने क्षणभर विचार केला आणि निळ्या पेन्सिलीकडे न बघता सरळ काळ्या शाईत लिहिलं :

'साडी राहिलीय माहेरी. येईल तिच्या सवडीने!'

सासऱ्यांनी भिंग लावून वाचलं. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग म्हणाले, "गॅलरीचे गज सरळ आलेत." त्यांच्याकडून एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

"चलतेस ना?" मी विचारलं.

"आधी छापून येऊ दे," शैला म्हणाली.

सोमवारी टिपणिसांनी पट्टी बघितली आणि खुर्चीत मागे रेलले. "गाऊन? अरे घराघरांत वाचतात हे. साहेब माझी वाट लावतील. असं कर, वरून साडी चिकटव."

मी आयुष्यात टिपणिसांना कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही शूरपणाने नाही म्हटलं असं समजू नका. "मला निऱ्या येत नाहीत," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"येतच नाहीत. म्हणून तर माहेरी पाठवली होती तिला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "वेडा आहेस काय रे तू?" मग पुन्हा कागद जवळ घेतला. "हे अक्षर वहिनींचं. म्हणजे आल्या?"

"हे छापून आलं तर येईन म्हणालीय."

टिपणिसांनी समास पाहिला. तिथे निळ्या पेन्सिलीत होतं, 'तांदूळ संपले असतील. बघा.' त्यांनी पट्टी उचलली आणि स्वतः कॅमेऱ्याच्या खोलीत नेऊन दिली.

ती ज्या दिवशी छापून यायची त्या संध्याकाळी मी गॅलरीत अशा थाटात उभा होतो की मला अंकाशी काही देणंघेणं नाही. मावशी पाटावर बसल्या, चष्मा चढवला, आणि पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. दुसरी. तिसरी आली आणि त्या ओरडल्या, "इली गो! वत्सला इली!" दारं उघडली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "खरंच? कशी आहे?" मावशींनी चौथी चौकट दोनदा वाचली, आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मी अंक मागितला नाही. माझं लक्ष जिन्याकडे होतं.

शैला दुसऱ्या दिवशी दुपारी आली; मी रजा टाकून घरीच होतो. साडीत, हातात पिशवी. आत गेली, आणि थोड्या वेळाने निळ्या फुलांच्या गाऊनमध्ये बाहेर येऊन सरळ गॅलरीत टॉवेल वाळत घालायला लागली. मी तिला चिमटे नेऊन दिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. मावशींनी गाऊनचं कापड चिमटीत धरून पाहिलं. "ह्या खंय गावता गो?" पावसाळ्याआधी आमच्या मजल्यावर सगळीकडे गाऊन झाले. मावशींनी आपल्या गाऊनवर पदर म्हणून टॉवेल घेतला, पण घेतला.

त्यानंतरच्या रविवारी भांडी आवरून शैला टेबलाशी बसली. मी सहा पट्ट्या पुढे ठेवल्या. वत्सलेचे सगळे फुगे मी कोरे सोडले होते, नेहमीच्याच मापाचे, 'जेवायला चला' मावेल एवढे. तिने ते एकेक करून पाहिले.

"एवढासा?" ती म्हणाली. "मोठा काढा."

मी पांढरा रंग घेतला, जुना फुगा पुसला आणि मोठा काढला. तिने मान हलवली. आणखी मोठा काढला. तो रखड्यांचे दोन्ही हात झाकून त्यांच्या डोक्यापर्यंत गेला, तेव्हा कुठे ती "हं" म्हणाली आणि बोरू शाईत बुडवला.